उर्फ रघुनाथ

भाची स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला शनिवार-रविवार माझ्याकडे येते. तिच्या घरी जागा कमी आणि टीव्ही मोठा, म्हणून. जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून ती मोठ्याने वाचते आणि मी आत हातातलं काम करत ऐकत असते. त्या दिवशी मी मोड आलेले वाल सोलत होते. बोटं बुळबुळीत झालेली, सालांचा ढीग वाढत चाललेला, आणि बाहेरून लाहोर कटाच्या खटल्यातल्या आरोपींची यादी ऐकू येत होती. ‘सुखदेव उर्फ व्हिलेजर. शिव वर्मा उर्फ प्रभात. विजयकुमार सिन्हा उर्फ बच्चू. शिवराम राजगुरू उर्फ एम.’ ती थांबली आणि म्हणाली, “मावशी, हे उर्फ-उर्फ कसं तरीच वाटतं गं. पेपरात गुंडांच्या नावात असतं तसं.” एवढं बोलून तिने पान उलटलं आणि ती गोलमेज परिषदेकडे वळली. तिला पुढे जाणं भाग होतं, परीक्षा तोंडावर आहे. मी मात्र तिथेच राहिले. रात्री अंथरुणावर पडल्यावरही तो ‘उर्फ’ डोक्यातून जाईना.

तिचं तसं चुकलं नव्हतं. ती यादी पोलिसांनीच केलेली होती, आणि पोलिसांच्या कागदावर तो शब्द एकाच कामासाठी येतो. हा माणूस दोन नावांनी वावरत होता, म्हणजे याच्या मनात पाप होतं, एवढंच त्या कागदाला सांगायचं असतं. पण मला सलत होतं ते वेगळंच. ही नावं कुणीतरी कुणाला तरी दिली होती. हिंदुस्थान सोशलिस्ट रिपब्लिकन असोसिएशन या क्रांतिकारकांच्या गुप्त संघटनेतली ती विशी-बाविशीतली पोरं, कुठल्याशा भाड्याच्या खोलीत, कंदिलाच्या उजेडात, बाजरीच्या नाहीतर गव्हाच्या कोरड्या रोट्या खाताना एकमेकांना याच नावांनी हाका मारत असणार. भगतसिंग तिथे रणजित होता. पोलिसांच्या यादीत एम असलेला राजगुरू तिथे रघुनाथ होता. ग्वाल्हेर-झाशीकडचा भगवानदास माहौर कैलाश होता. आणि झाशीच्या मराठी घरातला विश्वनाथ वैशंपायन बच्चन होता. एक बच्चू आणि एक बच्चन! गुप्त संघटनेत असली लाडाची नावं ठेवणारी माणसं कशी असतील, याचा विचार करताना माझं मन आपोआप मऊ झालं.

आपल्याकडे नावाची सुरुवातच मुळी गुपितासारखी होते. बारशाला पाळण्याभोवती बायकांची दाटी, घुगऱ्यांचा आणि धुपाचा वास, कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या, आणि मग आत्या खाली वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगते आणि ‘कुर्रर्र’ करते. त्या क्षणी ते नाव फक्त तिघांना ठाऊक असतं, आत्याला, बाळाला आणि पाठीवर धपाटे घालायला टपलेल्या बायकांमधल्या एखाद्या चोंबडीला. मग ते सगळ्या घराला सांगितलं जातं, पेढे वाटले जातात. शिवाय जुन्या घरांमधून राशीचं नाव वेगळं असे. नक्षत्रावरून ठेवलेलं ते नाव आईवडिलांनी जपायचं, मुंजीत संकल्पाच्या वेळी लागेल तेव्हा काढायचं, चारचौघांत उच्चारायचं नाही. माझ्या आजोबांचं राशीचं नाव आजीला अखेरपर्यंत माहीत नव्हतं, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं. समज अशी की खरं नाव ज्याच्या हाती लागलं त्याच्या हाती माणूस लागला. म्हणून जगात वावरायला एक व्यवहारातलं नाव द्यायचं आणि खरं नाव झाकून ठेवायचं.

क्रांतिकारकांनी वेगळं काय केलं? खरं नाव झाकलं आणि व्यवहाराला दुसरं घेतलं.

फरक एवढाच की इथे पकडणारा खरोखरचा होता. आणि मला वाटतं, आपण या टोपणनावांकडे बघताना एक गोष्ट हमखास विसरतो. ती नावं स्वतःला वाचवण्यापेक्षा दुसऱ्याला वाचवण्यासाठी जास्त होती. कानपूरच्या पोराला लाहोरच्या पोराचं गाव, आडनाव, बापाचा धंदा, बहिणीचं सासर माहीत नसलं तर कोठडीत कितीही मार बसला तरी तो सांगणार काय? ‘प्रभात होता,’ एवढंच सांगेल. माहीतच नाही ते तोंडातून निघत नाही. नाव बदलणं ही मित्राला दिलेली सवलत होती, की बाबा रे, तुझा धीर सुटला तरी माझ्या म्हाताऱ्या आईच्या दारात शिपाई येणार नाहीत. इतका विचार करून एकमेकांना अनोळखी राहायचं आणि तरी एकाच ताटात जेवायचं, याला किती जवळीक लागत असेल!

आणि तरीही ती भिंत फुटली. १५ एप्रिल १९२९ ला लाहोरच्या काश्मीर बिल्डिंगमधल्या बाँबच्या कारखान्यावर धाड पडली. सुखदेव, किशोरीलाल आणि जयगोपाल सापडले. जयगोपाल म्हणजे लाहोरचा गोरा पोलीस अधिकारी साँडर्स याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या दिवशी चौकीसमोर पाळत ठेवून उभा असलेला मुलगा. तो माफीचा साक्षीदार झाला. हंसराज व्होरा झाला, फणींद्रनाथ घोष झाला. त्यांनी कोण कोण कोणत्या नावाने वावरत होता ते सांगितलं आणि मग ती यादी तयार झाली, जी परवा माझ्या जेवणाच्या टेबलावर वाचली गेली. म्हणजे ज्या नावांनी हाका मारल्या होत्या तीच नावं त्याच तोंडांनी न्यायालयात सांगितली. जयगोपाल पहिल्यांदा साक्षीला आला तो मिशीला पीळ देत आला म्हणतात. आरोपींमधल्या सगळ्यात लहान प्रेमदत्तने पायातली चप्पल काढून त्याच्या अंगावर भिरकावली. त्या एका चपलेपायी मग सगळ्यांनाच बेड्या घालून न्यायालयात आणायचं फर्मान निघालं आणि पुढचं रामायण झालं. मी हा प्रसंग वाचते तेव्हा प्रेमदत्तची बाजू घ्यायला मला एक क्षण लागत नाही. पण जयगोपालचा रागही मला पुरता करता येत नाही. त्याला कोठडीत काय काय सोसावं लागलं असेल, तो रात्री कुशीवर वळताना कुणाचं नाव तोंडात येत असेल, खरं की ठेवलेलं, हे मनात आलं की माझा राग अर्ध्यावर थांबतो. बंदुकांच्या बाबतीतही माझं असंच होतं. साँडर्सचा मृत्यू मला गोड वाटत नाही. त्याच्या मागे धावलेला हवालदार चननसिंग तर आपल्यातलाच होता, तोही त्या दिवशी गेला. हे सगळं मान्य करूनही रघुनाथ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे खेडचा एक पोरगा उभा राहतो, आणि मी त्याच्या बाजूची होते.

हा पोरगा म्हणजे भीमेच्या काठचा. कुस्तीची आवड, संस्कृत शिकायला घर सोडून काशीला गेलेला, तिथे या मंडळींना मिळालेला. १७ डिसेंबर १९२८ ला साँडर्सवर पहिली गोळी त्याने झाडली तेव्हा त्याला विसावं संपून चारच महिने होत होते. त्यानंतर काही दिवसांनी लाहोरच्या स्टेशनातून निसटायचं ठरलं तो प्रसंग आपल्याला पाठ आहे. दाढी-केस उतरवलेला भगतसिंग डोक्यावर हॅट घालून साहेब झाला. संघटनेतल्या दुर्गाभाभी आपल्या तीन वर्षांच्या शचीला घेऊन मेमसाहेब झाल्या. राजगुरू नोकर झाला. आपण सगळे ती गोष्ट सांगताना हॅटकडे बघतो. मी अलीकडे नोकराकडे बघते. साहेबाचं सामान डोक्यावर घ्यायचं, चार पावलं मागून चालायचं, नजर खाली ठेवायची, वरच्या वर्गाच्या डब्याशी सलाम ठोकून आपण नोकरांच्या डब्यात जाऊन बसायचं. सगळं स्टेशन पोलिसांनी भरलेलं, जो तो तरुण मुलाचं तोंड निरखतो आहे. अशा वेळी साहेब होणं अवघड असेल, पण नोकराला तर कुणीही हटकावं, कुणीही खांदा धरून ‘नाव काय रे तुझं?’ विचारावं. आणि तेव्हा त्याला क्षणाचाही उशीर न लावता उत्तर द्यायचं होतं. ठेवलेलं नाव इतकं अंगात मुरावं लागतं की मागून कुणी खऱ्या नावाने हाक मारली तरी मान वळता कामा नये. मी घरात करून पाहिलं. भाचीला सांगितलं, दिवसभर मला मधूनच नावाने हाक मार, मी बघणार नाही. दर वेळी मान वळली. नको म्हटलं तरी वळली. आपलं नाव कानात किती खोल गेलेलं असतं ते त्या दिवशी कळलं, आणि आत्याच्या त्या ‘कुर्रर्र’चा जोरही कळला.

दुसऱ्या बाजूला एक नाव असं होतं की ज्या नावाने कुणी कुणाला हाकच मारत नव्हतं. साँडर्सच्या वधानंतर लाहोरच्या भिंतींवर पत्रकं लागली त्यांखाली सही होती ‘बलराज’ अशी, पुढे सेनापती म्हणून हुद्दा. ८ एप्रिल १९२९ ला दिल्लीच्या असेंब्लीत बाँबच्या धुरात जी पत्रकं वरून खाली तरंगत आली त्यांवरही बलराजचीच सही. हे नाव चंद्रशेखर आझादांचं धरलं जातं. पण मंडळी त्यांना हाक मारत ती ‘पंडितजी’ म्हणून. बलराज हे नाव हाकेसाठी नव्हतंच, ते सरकारला दाखवायचं होतं. आणि ‘आझाद’ तरी काय, जन्मनाव तिवारी. पंधरा वर्षांच्या पोराने काशीच्या न्यायालयात बापाचं नाव स्वतंत्र आणि पत्ता तुरुंग सांगितला तेव्हापासूनचं ते नाव. पुढे ओरछाजवळ सातार नदीच्या काठी मारुतीच्या देवळापाशी कुटी बांधून हेच आझाद हरिशंकर ब्रह्मचारी म्हणून राहिले. शेजारच्या ढिमरपुऱ्यातल्या मुलांना अक्षरं शिकवली. झाशीत मोटारींच्या गॅरेजमध्ये काम केलं. ज्या मास्तर रुद्रनारायणांनी त्यांचा तो मिशीवर हात असलेला फोटो काढला, त्यांच्या घरी वावरले. त्या ब्रह्मचाऱ्याकडे बाराखडी गिरवलेली मुलं पुढे मोठी झाली असतील, त्यांना कधीतरी कळलं असेल की आपले मास्तर कोण होते. त्या वेळी त्यांना फसवल्यासारखं वाटलं असेल का? मला नाही वाटत. अक्षरं तर खरीच शिकवली होती.

भुसावळ स्टेशनवर गाडी बदलायला मी लहानपणापासून उतरत आले आहे. आजोळ वऱ्हाडात, त्यामुळे भुसावळ चुकत नसे. उन्हाळ्यात फलाटाची फरशी पायाला चटके देई, केळ्यांच्या घडांचा तो पिकट गोड वास, आणि हमालांच्या आरोळ्या. त्याच फलाटावर १९२९ साली अकोल्याकडे निघालेले भगवानदास माहौर आणि सदाशिवराव मलकापूरकर सामानाच्या झडतीत बाँबच्या साहित्यासकट पकडले गेले, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. इतकी वर्षं मी तिथे केळी घेऊन खाल्ली. पुढे खटला जळगावला चालला. फेब्रुवारी १९३० मध्ये तिथे लाहोरहून जयगोपाल आणि फणींद्रनाथ यांना साक्षीसाठी आणलं, आणि तुरुंगात गुपचूप पोहोचलेल्या पिस्तुलातून भगवानदासने भर न्यायालयात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जयगोपाल जखमी झाला, वाचला. भगवानदासला जन्मठेप झाली. ज्या माणसाने यांची ठेवलेली नावं उघड केली त्याच्यावर कैलाशने नेम धरला तो आपल्या खानदेशात, केळीच्या बागांनी वेढलेल्या गावात. झाशीची ही मराठी मंडळी, मलकापूरकर आणि वैशंपायन, आपल्याकडच्या गोष्टींत फारशी येत नाहीत. आपण पुण्या-नाशिकचे धरतो आणि बाहेरचे सोडून देतो. हे मला मनापासून लागतं.

नंतरच्या पिढीनेही नावं बदलली. बेचाळीसच्या भूमिगत दिवसांत एस. एम. जोशी दाढी वाढवून ‘इमाम अली’ झाले होते. साने गुरुजी आणि त्यांचे सोबती मुंबईत ज्या जागेत लपून राहत तिला त्यांनी ‘मूषक महल’ असं नाव दिलं होतं. जागेलाही टोपणनाव! उंदरासारखं लपायचं आणि तरी महालात राहायचं. १९४३ च्या एप्रिलमध्ये तिथेही धाड पडलीच. पण बेचाळीसच्या माणसांना पुढे आपलं नाव परत मिळालं. एस. एम. खासदार झाले, सभा गाजवल्या, म्हातारे झाले, सगळा महाराष्ट्र त्यांना ‘एसेम’ म्हणत राहिला. इमाम अली ही त्यांच्या आयुष्यातली हसून सांगायची गोष्ट झाली.

रघुनाथला तेवढा वेळ मिळाला नाही.

३० सप्टेंबर १९२९ ला तो पुण्यात पकडला गेला. ७ ऑक्टोबर १९३० ला निकाल, २३ मार्च १९३१ ला फाशी. फाशीनंतर सतलजच्या काठी, रात्रीच्या अंधारात, घाईने पेटवलेल्या चितेवर शेवट. मग देश स्वतंत्र झाला आणि त्याच्या खेडचं नाव राजगुरुनगर झालं. मध्यंतरी मी मुद्दाम तिथे गेले. पुण्याहून नाशिक रस्त्याने, चाकणच्या कंपन्यांमधून, ट्रकच्या रांगांमागे थांबत थांबत. गाडीच्या पाटीवर राजगुरुनगर लिहिलेलं होतं आणि कंडक्टर मात्र ‘खेड, खेड’ ओरडत होता. तालुका अजूनही खेडच आहे. बाजारात कांद्याच्या गोण्या, नदीकडे जाणारा उतार, आणि राजगुरूंच्या वाड्यातल्या लाकडी खांबांचा जुना तेलकट वास. गावातल्या दुकानांवर, बँकेवर, शाळांवर सगळीकडे त्याचं आडनाव. नाव लपवून वावरलेल्या मुलाचं आडनाव आता एस. टी. च्या तिकिटावर छापलं जातं. ढिमरपुऱ्याचंही असंच झालं. जिथे आझाद हरिशंकर म्हणून राहिले त्या गावाला मध्य प्रदेश सरकारने आझादपुरा नाव दिलं. सरकारने नावं दिली ती चांगल्या मनाने दिली, आणि ती द्यायलाच हवी होती. पण वाड्यातून बाहेर पडून मी चहाच्या टपरीवर बसले तेव्हा मला सारखं वाटत राहिलं की हे त्याचं घरातलं आणि पोलिसांकडचं नाव आहे. त्याच्या मित्रांकडचं नाव कुठे गेलं?

एक माणूस मला यात फार जवळचा वाटतो, सदाशिवराव मलकापूरकर. तुरुंगवास भोगून आल्यावर, स्वातंत्र्य मिळाल्यावर, ते आझादांच्या आईकडे गेले. जगरानीदेवी आझादांच्या गावी, भाबऱ्यात, एकट्या होत्या, हलाखीत. सदाशिवरावांनी त्यांना झाशीला आपल्या घरी आणलं, मुलासारखं सांभाळलं, तीर्थयात्रेला नेलं. २२ मार्च १९५१ ला त्या गेल्या त्या झाशीतच. विचार करा, संघटनेचा नियम असा की कुणाचं घर कुणी विचारायचं नाही.  आणि पंडितजी गेल्यावर, नियमाची गरज सरल्यावर, सदाशिवरावांनी काय केलं तर त्यांच्या आईचं दार गाठलं. त्या संध्याकाळी झाशीच्या घरात ती म्हातारी आपल्या मुलाबद्दल काय काय विचारत असेल आणि सदाशिवरावांच्या तोंडात त्याचं कोणतं नाव येत असेल, हे मी कितीदा तरी मनात रचून पाहिलं आहे.

ही सगळी माणसं आपल्यापासून फार लांबची आहेत असं मला वाटत असे. पण शिव वर्मा, म्हणजे यादीतला तो प्रभात, ज्याने राजगुरूबरोबर पक्षाचं काम केलं आणि नंतर त्याच्या आठवणी लिहिल्या, तो १९९७ पर्यंत होता. दुर्गाभाभी १९९९ पर्यंत होत्या, गाझियाबादमध्ये. तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, घरात फोन आलेला होता. कुणी ठरवलं असतं तर रेल्वेत बसून त्यांना जाऊन भेटता आलं असतं, रघुनाथ कसा हसायचा, कसा चिडायचा, ते विचारता आलं असतं. ते नाव हाक म्हणून तोंडात असलेलं माणूस आता कुणी उरलं नाही. उरलं ते फक्त ‘उर्फ’च्या पुढचं, आरोपपत्रातलं. म्हणून माझं एक म्हणणं आहे आणि ते मी खेडच्या ओळखीच्या मंडळींना कळवलंही आहे. २४ ऑगस्टला वाड्यात जयंतीला शाळेची मुलं येतात, भाषणं होतात. त्यांपैकी एका तरी मुलाने उभं राहून सांगावं की याच्या मित्रांनी याला रघुनाथ म्हटलं, त्या मित्रांची नावं रणजित, प्रभात, कैलाश, बच्चन अशी होती, आणि ही नावं त्यांनी एकमेकांना वाचवायला घेतली होती. त्या नावांआधी ‘उर्फ’ म्हणू नये.